सात नंबरचा वारा

तीस वर्षं ती रोज सकाळी सात वाजता बारा बायकांना एकच प्रश्न विचारत आली. पोटाच्या शस्त्रक्रियांचा वॉर्ड, समोरासमोर सहा-सहा खाटा, मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. त्या वाटेने ती चादरींचा गठ्ठा काखोटीला मारून यायची आणि एकेका खाटेपाशी थांबायची. हुद्दा आयाचा. सगळे मावशी म्हणायचे, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या पेशंटसुद्धा.

प्रश्न एक, पण विचारायच्या पायऱ्या तीन. शिकलीसवरली पेशंट असली तर, "गॅस पास झाला का?" वयस्कर असली तर, "वारा सरला का?" आणि जी छताकडे टक लावून ऐकलंच नाही असं दाखवायची तिला सरळ, "पादलात का हो बाई?" तिसऱ्या पायरीवर उत्तर हमखास मिळायचं. सोबत कधीकधी डोळे वटारलेले मिळायचे, त्याचं मावशीला काही नव्हतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, लाजण्यासारखं काडीचंही नाही. माणसाच्या पोटात वीसेक फूट आतडं घड्या घालून बसवलेलं असतं. त्याला पीळ पडतो. जुन्या टाक्यांच्या व्रणाला ते चिकटतं. आत गाठ वाढून वाट बुजते, क्षयाने ते आवळत जातं, नाहीतर पोटाच्या भिंतीत एखादी फट सापडली की त्यात डोकं खुपसून अडकतं. पुढची वाट बंद झाली तरी मागून यायचं ते येतच राहतं. पोट फुगतं, कळा येतात, आणि तुंबलेलं सगळं उलटीतून बाहेर पडतं. फार वेळ अडकलं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा तुकडा मरतो. सर्जन पोट उघडून ते सोडवतात, मेलेला भाग कापून दोन टोकं जोडतात. तिथवर ठीक. पण आतड्यासारखं मानी दुसरं काही नसेल. परक्याचा हात लागला की ते जे रुसून बसतं ते दोन-दोन, चार-चार दिवस हलत नाही. ते पुन्हा कामाला लागलं याची पहिली बातमी म्हणजे वारा. तोवर अन्न नाही, चहा नाही, नाकात नळी, हाताला सलाईन.

म्हणून कुणी "हो मावशी, सरला!" म्हटलं की मावशी ॲप्रनच्या खिशातून आपला स्टीलचा चमचा काढायची आणि कोमट साखरपाण्याचा पहिला घोट स्वतः पाजायची. मग बाकीच्या बायका खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचे वाजवायच्या. ज्यांना अजून चमचा लागू झाला नव्हता त्या कंगवा वाजवायच्या. हे कुणी सुरू केलं कुणालाच सांगता येत नव्हतं. सर्जनबाई फेरीला आल्या की दारातूनच विचारायच्या, "काय वेधशाळा, आजचा अंदाज?" आणि मावशी सांगायची, "तीन नंबर दुपारपर्यंत. अकरा नंबरचं काही खरं नाही." तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

चुकला तो घरात.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक गॅलरी आणि एक ताई. ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही, कारण तिला शोभेल असा कुणी शाळा तपासायला आलाच नाही, असं ती स्वतःच सांगायची. मावशीचा नवरा गेल्यावर ताईने तिला आपल्याकडे आणलं आणि आईवडलांनी ठेवलेलं लाडाचं नाव पुन्हा चालू केलं: चिमी. माया होती, पण तिला अटी होत्या. चिमी नववीत शाळा सोडून बसली होती, तीही ताईच्याच शाळेतून, हे ताई विसरली नव्हती. कुणी विचारलं तर "धाकटी आरोग्य खात्यात आहे," असं मोघम सांगायची. आणि जेवणाच्या टेबलावर वॉर्डचा विषय काढायला सक्त बंदी.

"ताई, आज एका बाईच्या पोटातून..."

"चिमे. वरण."

एवढ्यावर विषय संपायचा.

त्या घरात, एकाच न्हाणीघरात, ताईने जांघेतली गाठ दोन वर्षं लपवली. आधी आवळ्याएवढी. खोकलं की बाहेर यायची, आडवं पडलं की आत जायची. शरीराचा तो भाग ताईच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, तर त्याच्यावर आलेली गाठ कुठून असणार? मग एका मंगळवारी ती आत जाईना. ताईने अपचन म्हणून सोडा घेतला. बुधवारी पोट फुगलं तर वर एरंडेल घेतलं. म्हणजे बंद दारावर आणखी माणसं ढकलली. गुरुवारी सकाळी मावशी ड्यूटीवर निघताना न्हाणीघरातून उलटीचा आवाज आला, आणि आवाजापाठोपाठ वास. तो वास तिने वॉर्डात शेकडो वेळा घेतला होता. पोटात खाली कुठेतरी वाट बंद झाल्याशिवाय उलटीला तसा वास येत नाही.

तिने ताईला पलंगावर आडवं केलं आणि एकाच प्रश्नासाठी तोंड उघडलं.

"ताई, वारा कधी सरलाय?"

"चिमे, काय बोलतेस!"

"कधी?"

ताई भिंतीकडे बघायला लागली. मावशीने पांघरूण ओढलं, हाताने चाचपलं, आणि उजव्या जांघेत तिच्या बोटांना ती लागली: लाल, दगडासारखी घट्ट. त्यानंतर मावशी जी ओरडली ती तळमजल्यावर ऐकू गेली. दहा मिनिटांत दोघी टॅक्सीत होत्या. तासाभरात ताई टेबलावर. एक वीतभर आतडं काळं पडलं होतं. सर्जनबाईंनी ते काढलं, टोकं जोडली, फट शिवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं." मावशीने मान हलवली. तीस वर्षं जगाला विचारलं आणि घरात विचारायला घाबरले, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ताईला खाट मिळाली सात नंबरची. शुद्धीवर आल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं, आणि आठ नंबरवरची रुंद खांद्यांची बाई हात हलवून म्हणाली, "बाई! ओळखलंत का? सातवी ब! मी आता बस चालवते!"

ताईने डोळे मिटून घेतले. मग मावशीला खूण करून जवळ बोलावलं.

"इथे आपलं नातं कुणाला सांगू नकोस."

"बरं," मावशी म्हणाली. आत काहीतरी टोचलं, पण पेशंटशी वाद घालायचा नाही हा नियम होता, आणि ताई आता पेशंट होती. तेव्हापासून ताई धाकट्या बहिणीला चारचौघांत "अहो मावशी" म्हणू लागली. मावशीला वाईट वाटायचं आणि हसूही यायचं. सर्जनबाईंनी कागदावरचं नातं वाचलं होतं. तरी त्या पूर्वीसारखंच मावशी म्हणत राहिल्या.

बसवालीचं आतडं जुन्या टाक्यांना चिकटलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने वॉर्डला ऐकू जाईल असा वारा सोडला आणि वर हात करून ओरडली, "हॉर्न वाजला हो!" चमचे वाजले, कंगवे वाजले, साखरपाणी झालं. ताईने उशी कानावर घेतली.

ताईचं मात्र काहीच हलेना. पहिला दिवस नाही, दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला सर्जनबाईंनी मावशीला दटावलं, "दोन रात्री बाकावर काढल्यात. घरी जा, आंघोळ करा, झोपा. उद्या सातला या." मावशी गेली.

दुसऱ्या दिवशी सातला येऊन पाहते तर सात नंबरच्या नाकातली नळी निघालेली, समोर सूपचा कप आणि तक्त्यावर दुपारच्या नर्सचं अक्षर: सायंकाळी साडेचार, वारा सरला.

मावशीला आनंद व्हायला हवा होता. पण बसवाली खाटेवरून वाकून कुजबुजली, "मावशी, चमचे नाही वाजले. मी कान देऊन होते."

ताईला उचकी लागली होती. चादरीखाली पोट दिसत होतं, नगाऱ्यासारखं.

"गॅस पास झाला?" मावशीने पहिल्या पायरीवर विचारलं.

"काल सायंकाळी ते कार्य पार पडले," ताई म्हणाली.

झालं. मावशीने ओळखलं. ताईला खोटं बोलता येत नसे आणि बोललीच तर तिची भाषा एकदम शुद्ध व्हायची. आई सांगायची, लहानपणी खडीसाखर कुणी संपवली असं विचारलं तेव्हाही ताई म्हणाली होती, "मला त्याविषयी काहीही ज्ञात नाही."

मावशीने सूपचा कप उचलून खिडकीत ठेवला आणि उलटीचं भांडं ताईच्या हनुवटीखाली धरलं.

"अहो मावशी, याची आवश्यकता नाही."

"बरं."

"मी सांगते ना, मुळीच..."

आवश्यकता पडली. चांगली दोनदा पडली. मावशीने तोंड पुसलं, पडदा ओढला आणि खाटेच्या कडेवर बसली, जे करायला वॉर्डात मनाई होती.

"आता ऐक. बाहेर तू मला मावशी म्हण, अहो म्हण, ओळखत नाही म्हण. मी काही बोलणार नाही. पण पोटाच्या बाबतीत खोटं चालणार नाही, ते माझं खातं आहे. तो जोड अजून कच्चा आहे. वरून ओतत राहिलीस आणि खाली वाट नसली तर तो फाटेल. आणि मग मी संध्याकाळी त्या दोन खोल्यांत कुणाशी भांडू?"

ताईने पडद्याच्या फटीतून पलीकडच्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती आठ नंबरची माझी विद्यार्थिनी आहे."

"मग?"

"तिच्यासमोर, चमच्यांच्या गजरात, मी हो म्हणू? त्यापेक्षा नर्सला हळूच सांगून टाकलं, म्हणजे विचारणं थांबेल."

"हो म्हणायचंच होतं ना तुला? नव्हता सरला तरी म्हणालीसच की!"

मुख्याध्यापिकेने हात पुढे केला. तिने पेन मागितलं. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूला सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: 'काल दिलेले उत्तर चुकीचे होते. कृपया नोंदीत दुरुस्ती व्हावी.' खाली सही आणि तारीख.

सर्जनबाईंनी चिठ्ठी वाचली, हसू दाबलं, नळी पुन्हा घातली. पण मावशीला बाहेर नेऊन बोलल्या तेव्हा त्या हसत नव्हत्या. "उद्या अकरापर्यंत बघते. नाहीच हललं तर फोटो काढू. जोड आखडला किंवा झिरपत असला तर पुन्हा उघडावं लागेल. वय सत्तर. दुसऱ्यांदा भूल द्यायची माझी इच्छा नाही, मावशी. चालवा त्यांना. आणि च्युइंग गम द्या."

"च्युइंग गम?"

"चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय. फसतं बिचारं. थुंकून टाकायचं मात्र, गिळायचं नाही."

ताईच्या हातात ती चांदीच्या कागदातली पट्टी पडली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मी पस्तीस वर्षं हे चघळणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलंय."

"मला केलंय!" आठ नंबर आनंदाने म्हणाली. "पावणेदोन तास! खिडकीपाशी!"

"तू ते पुढच्या मुलीच्या वेणीला चिकटवलं होतंस."

"लक्षात आहे बाईंना!" बसवालीला कोण अभिमान वाटला. ती पोट धरत खाटेवरून उतरली. "चला बाई, मीही येते. डॉक्टरांनी मलाही चालायला सांगितलंय."

मग त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये जे चाललं ते बघायला इतर वॉर्डांच्या आया कामं टाकून आल्या. पुढे बसवाली, मधे ताई, एका हातात सलाईनचा स्टँड, तोंडात च्युइंग गम, पाठ ताठ, जणू परीक्षेच्या हॉलमध्ये फेरी चालली आहे. मागे मावशी, पडली तर धरायला. कॉरिडॉरच्या टोकाला एक खिडकी, खिडकीखाली धोबीघर, दोरीवर हिरव्या चादरी.

"चला, पुढे चला, पुढे जागा आहे!" बसवाली ओरडायची. "पुढचा थांबा, खिडकी!"

"हळू बोल," ताई म्हणायची. मग थोड्या वेळाने, "चघळताना बोलू नये." आणि तिसऱ्या फेरीला कुणाचंच लक्ष नाही असं पाहून तिने एक छोटा फुगा काढून बघितला. मावशीने तो पाहिला. सत्तर वर्षांच्या बाईच्या ओठांवर गुलाबी फुगा, आणि तो फुटल्यावर तिच्या डोळ्यांत आलेली दचकलेली मजा. मावशीने पटकन चादरींकडे बघितलं.

सकाळी पाच, दुपारी सहा फेऱ्या झाल्या. मावशी दर तासाला विचारत होती. ताई आता खरं सांगत होती, साध्या भाषेत: "नाही गं. नाही अजून."

दुसरा दिवस उजाडला. सात. आठ. नऊ. नाही. साडेदहाला सर्जनबाई विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन फेरीला आल्या आणि दारात एक्सरेवाल्यांची चाकाची खुर्ची येऊन उभी राहिली. तीस वर्षांत हजार वेळा मावशीने त्या खुर्चीत माणसं बसवली होती. आज तिला ते जमेना. "चादरी घडी करायच्यात," असं कुणालाही न विचारता सांगून ती कपड्यांच्या खोलीत गेली आणि कालच्याच घडी केलेल्या चादरी उलगडून परत घडी करू लागली. टोकाला टोक, काठाला काठ. एकही घडी सरळ पडत नव्हती.

भिंतीपलीकडे सर्जनबाईंचा आवाज, मग खाटेची कुरकूर, मग काहीतरी ओढल्यासारखं. मग शांतता. अशी शांतता की मावशीच्या हातातली चादर तशीच राहिली.

आणि चमचे वाजले.

एक, दोन, मग सगळे. चमचे, कंगवे, कुणीतरी पाण्याचा पेलासुद्धा. मावशी जागची हलली नाही. त्या दिवशी वाऱ्याची वाट बघणाऱ्या तिघी होत्या, दोन नंबर, सात नंबर आणि अकरा नंबर. दोन नंबरची तर वेळच झाली होती. दोन असेल. दोनच असणार. आशा करायची नाही, असं ती स्वतःला बजावत होती, तेवढ्यात त्या गोंगाटावरून एक आवाज आला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खो-खो खेळणाऱ्या मुलींना एका हाकेत वर्गात आणणारा आवाज.

"चिमे! अगं चिमे! चमचा कुठाय तुझा?"

मावशी धावली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, चादर पायात घोळवत धावली.

सात नंबर खाटेपाशी ताई उभी होती, एक हात चाकाच्या खुर्चीवर, एक हात टाक्यांवर. हसत होती. नाकात नळी, डोळ्यांतून पाणी, आणि "अगं हसवू नका गं, टाके दुखतात" म्हणत आणखी हसत होती. काय झालं ते पुढे बसवालीने महिनाभर ज्याला त्याला सांगितलं. बाई खुर्चीत बसायला उठल्या, पाऊल टाकलं, आणि वरच्या मजल्यावर कुणी लाकडी बाक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत न्यावा असा आवाज झाला. विद्यार्थी जमिनीकडे बघायला लागले. बसवालीने घाईने हात वर केला, "बाई, मी नाही!" आणि पस्तीस वर्षं खरं बोलायला शिकवणारी मुख्याध्यापिका म्हणाली, "मी. तो माझा होता."

"चिमी कोण?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"ही काय," ताईने मावशीचं मनगट पकडलं. "माझी धाकटी बहीण. सख्खी. हिने ओळखलं म्हणून मी इथे आहे. हा वॉर्ड हीच चालवते, तुम्ही सगळे नुसते फिरता." मग सर्जनबाईंकडे बघून, "तुम्ही सोडून."

"नाही, बरोबर आहे," सर्जनबाई म्हणाल्या आणि खुर्चीवाल्याला परत जायची खूण केली.

नळी संध्याकाळी निघाली. कोमट साखरपाण्याचा चमचा मावशीने पुढे केला तेव्हा ताईने तोंड उघडलं, घोट घेतला, आणि थोडा वेळ तो जिभेवर धरून ठेवला.

"साखर कमी आहे, चिमे."

"घरी गेल्यावर ओरड."

घरी जायला अजून चार दिवस होते. त्यातल्या तिसऱ्या दिवशी नऊ नंबरवर एक वकीलबाई आल्या, आतड्याचा पीळ सोडवलेल्या, नाजूक बोलणाऱ्या. मावशीने दुसऱ्या सकाळी सातला त्यांना पहिल्या पायरीचा प्रश्न विचारला. वकीलबाई छताकडे बघत हळूच म्हणाल्या, "झालं असावं, असं म्हणता येईल."

मावशी काही बोलणार तोच सात नंबरवरून, च्युइंग गम गालात सरकवून, ताईने करड्या आवाजात विचारलं, "नऊ नंबर. छताकडे नाही, माझ्याकडे बघून सांग. पादलीस का?"

"नाही हो," वकीलबाई म्हणाल्या.

"मग चल, उठ. पाच फेऱ्या. चिमे, हिला एक पट्टी दे."